एकाच काडतुसाच्या दोन बंदुका

 

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की हा मनुष्य आता तासभर काऊबॉयच्या गोष्टी सांगणार. थोड्या सांगणारच आहे, त्या टाळता येत नाहीत. पण माझा भर बंदुकीपेक्षा काडतुसावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतल्या लाखो साध्या माणसांनी रायफल विकत घेताना मुद्दाम कमजोर काडतुसाची रायफल निवडली. बाजारात तिच्यापेक्षा दुप्पट जोराच्या, दुप्पट पल्ल्याच्या रायफली होत्या, तरीही त्यांनी हीच घेतली. का घेतली, आणि ही निवड करायची मुभा नेमकी कोणाला होती, हे आज बघायचं आहे. याच काळात आपल्याकडे, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानात, काडतुसाचा हाच प्रश्न बरोबर उलट्या बाजूने सोडवला गेला. तिथे आपण शेवटी येऊ.

आधी वस्तू समजून घेऊ. लिव्हर अॅक्शन रायफल म्हणजे काय? तुम्ही सिनेमात पाहिलेली आहे. चापाच्या भोवती लोखंडाचा एक लांबट कडा असतो, त्यात बोटं अडकवायची, तो खाली ढकलायचा आणि परत वर ओढायचा. कडा खाली जाताना रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि घोडा मागे ताणला जातो. वर येताना नवं काडतूस नळीत बसतं. एवढ्या एका हालचालीत बंदूक पुन्हा तयार. काडतुसं कुठे असतात? नळीच्या खाली दुसरी एक नळी असते, तीत एकामागे एक, रांगेत उभ्या माणसांसारखी. यातून एक बारीक पण जिवावरची गोष्ट उद्भवते. पुढच्या काडतुसाच्या बुडाला मागच्या गोळीचं नाक टेकलेलं असतं. त्या बुडातच पेटणारी टोपी. गोळी टोकदार असली आणि बंदूक जोरात आदळली, तर नळीतल्या नळीतच भडका उडू शकतो. म्हणून या रायफलींच्या गोळ्यांची नाकं चपटी. चपट्या नाकाची गोळी हवा जास्त खाते आणि लांबवर लवकर दमते. या बंदुकीचा आखूड पल्ला असा काही अंशी तिच्या पोटातच ठरलेला आहे.

या कल्पनेचा जन्म मात्र फार गमतीदार आहे. न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर हंट नावाचा एक कारागीर होता. आपण साडीच्या पदराला लावतो ती सेफ्टी पिन, तिचं १८४९ सालचं पेटंट या हंटचं. त्याने १८४८ साली ‘रॉकेट बॉल’ नावाची एक पोकळ गोळी काढली. तिच्या बुडातल्या पोकळीतच दारू भरलेली, म्हणजे वेगळं काडतूस नकोच. आणि ती उडवायला एक रायफलही केली. हंटला कल्पना सुचत, पण त्यातून पैसा करणं काही जमत नसे. ती कल्पना हातोहाती फिरत होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांच्याकडे आली. हो, तेच स्मिथ अँड वेसन. त्यांनी लिव्हरवर चालणारं पिस्तूल केलं, आणि १८५५ मध्ये ‘व्होल्कॅनिक’ नावाची कंपनी उभी राहिली. ही कंपनी त्याच यंत्रणेची पिस्तुलं आणि कार्बाइन दोन्ही विकायची. म्हणजे पिस्तुलाचं आणि रायफलीचं नातं नंतर जुळवलेलं नाही, ते पहिल्यापासूनचं आहे.

व्होल्कॅनिक चालली नाही, कारण गोळीच्या बुडातल्या चिमूटभर दारूत जोर किती असणार? पण तिच्या भागधारकांत न्यू हेवन शहरातला एक शर्ट बनवणारा कारखानदार होता, ऑलिव्हर विंचेस्टर. बंदुकीचं त्याला फारसं कळत नव्हतं, हिशेब मात्र पक्का कळत होता. त्याने बुडती कंपनी ताब्यात घेतली आणि बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराला कामाला लावलं. हेन्रीचं पेटंट ऑक्टोबर १८६० चं. त्याने तांब्याच्या टोपणात दारू आणि गोळी एकत्र बसवलेलं .४४ चं काडतूस वापरलं, आणि नळीत पंधरा व वर एक अशी सोळा काडतुसं भरता येऊ लागली. यादवी युद्धात सरकारने ही रायफल फारशी विकत घेतली नाही, तरी सैनिकांनी स्वतःच्या खिशातून घेतली. युनियन सैन्यात शिपायाचा पगार महिन्याला १३ डॉलर होता आणि हेन्री रायफल चाळीसच्या आसपास. म्हणजे तीन महिने राबून जो पैसा मिळेल तो बंदुकीत घालायचा. माणूस एवढं कधी करतो? जेव्हा त्याला वाटतं, की ही नसेल तर पुढचे पगार घ्यायला आपण उरणार नाही.

१८६६ साली रायफलीच्या बाजूला काडतुसं आत ढकलायची एक झडप आली. ही झडप उजव्या बाजूला असते, हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे. आणि मग आलं १८७३.

१८७३ म्हटलं की आपल्यासमोर जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ येते, सत्यशोधक समाज येतो. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना उद्देशून आहे. जोतीराव पुण्यात बसून ज्या अमेरिकेकडे एवढ्या आशेने पाहत होते, त्याच अमेरिकेत त्याच साली विंचेस्टरचं हे मॉडेल बाजारात आलं. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, मी ओढूनताणून जोडतही नाही. पण गुलामीतून सुटलेल्या त्या माणसांची गाठ या रायफलीशी पडणार आहे, म्हणून साल मनात असू द्या.

१८७३ च्या मॉडेलमध्ये नवं काय होतं? सांगाडा पितळी वळणाच्या धातूऐवजी लोखंडाचा झाला, हे एक. पण खरी नवी गोष्ट काडतूस. त्याला .४४-४० म्हणतात. .४४ हा गोळीचा नावापुरता व्यास, इंचात. ४० म्हणजे दारू ४० ग्रेन. आता ग्रेन म्हणजे काय ते आपल्या वजनात सांगतो. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. या काडतुसातली गोळी २०० ग्रेनची, म्हणजे तोळ्याहून थोडी जास्त. दारू पावणेतीन मासे. त्याच साली अमेरिकी सैन्याने घेतलेल्या स्प्रिंगफील्ड रायफलीचं काडतूस बघा. गोळी ४०५ ग्रेन म्हणजे सव्वादोन तोळे, आणि दारू ७० ग्रेन. वजनाला दुप्पट माल. विंचेस्टरचं काडतूस त्यापुढे अगदीच बारकं दिसतं.

पण त्याच्यात दोन गुण होते. जुन्या तांब्याच्या काडतुसात पेटणारं रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असे, त्यामुळे एकदा उडालं की टोपण फेकून द्यायचं. नव्या काडतुसात पितळेचं टोपण आणि मध्यभागी सुटी टोपी. उडालेलं पितळ वेचून आणायचं, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू भरायची, शिसं वितळवून गोळी ओतायची, की काडतूस पुन्हा तयार. हे सगळं करायचं चिमट्यासारखं एक हत्यार कंपनी स्वतः विकत असे. सर्वांत जवळचं दुकान जिथून दोन-तीन दिवसांच्या वाटेवर असेल, तिथल्या माणसाला याची किंमत किती वाटली असेल! मला विचाराल तर या रायफलीच्या खपाचं श्रेय लिव्हरइतकंच या चिमट्याला द्यायला हवं.

दुसरा गुण पुढे पाच वर्षांनी कळला. १८७८ च्या सुमारास कोल्ट कंपनीने आपलं प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर याच .४४-४० काडतुसासाठी बनवायला सुरुवात केली. कंबरेला एक पट्टा, त्यात एकाच जातीची काडतुसं, आणि ती हातातल्या रायफलीतही चालतात नि कंबरेच्या रिव्हॉल्व्हरमध्येही. अंधारात, घोड्यावर, घाबरलेल्या बोटांनी कोणतं कशात हे चाचपत बसायला नको. पुढे विंचेस्टरने .३८-४० आणि .३२-२० ही आणखी दोन काडतुसं आणली, कोल्टने त्यांचीही रिव्हॉल्व्हरं केली.

सिनेमावाल्यांनी इथे एक घोटाळा करून ठेवलाय. पडद्यावर काऊबॉयच्या कंबरेला कोल्ट .४५ असतं आणि खोगिराला विंचेस्टर, आणि दोन्हींत एकच काडतूस जातं असं आपण गृहीत धरतो. एकोणिसाव्या शतकात .४५ कोल्टची लिव्हर रायफल मिळतच नव्हती. त्या काडतुसाच्या बुडाची कड फार अरुंद होती, रायफलीतल्या नखीला ती नीट पकडता येईना, असं कारण बहुधा दिलं जातं. तशी रायफल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. आणि १८७० च्या काळात घडणाऱ्या कितीतरी चित्रपटांत जी रायफल दिसते ती असते १८९२ चं मॉडेल. ‘स्टेजकोच’मध्ये जॉन वेन जी गरगर फिरवतो तीसुद्धा तीच. आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिकांत कधी कधी मागे विजेचा खांब दिसतो, त्यातलाच प्रकार.

कोल्टने १८८३ मध्ये स्वतःची लिव्हर रायफलही बाजारात आणली होती. दोन वर्षांत ती बंद झाली, साडेसहा हजारांच्या आतच बनल्या. गोष्ट अशी सांगतात, की विंचेस्टरची माणसं आपल्या नव्या रिव्हॉल्व्हरचे नमुने घेऊन कोल्टकडे गेली, टेबलावर ठेवली, आणि मग तुम्ही रायफल करू नका, आम्ही रिव्हॉल्व्हर करत नाही, असं ठरलं. लेखी करार कोणी दाखवलेला नाही. पण कोल्टने रायफल सोडली आणि विंचेस्टरने रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं नाही, एवढं खरं.

आता विकत घेणाऱ्या माणसाकडे वळू. टेक्सास रेंजर जेम्स जिलेट याने पुढे आपल्या आठवणी लिहिल्या. १८७५ मध्ये तो कोवळा पोरगा होता आणि महिन्याचा पगार ४० डॉलर. सरकारी बंदूक मिळत होती, पण ती एकेरी बाराची. नव्या विंचेस्टरची कार्बाइन ४० डॉलरला आणि लांब रायफल ५० ला. त्याने कार्बाइन घेतली, अख्ख्या महिन्याच्या पगाराची. तिचा क्रमांकही त्याने नोंदवून ठेवलाय, १३४०१. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, २० इंची. रायफलीची नळी २४ इंच. घोडेस्वाराने आखूड घेतली, हे साहजिक. पण दहा डॉलरही वाचले, हेही आपण विसरू नये. निवडीच्या मागे पराक्रमाची कारणं शोधायची आपल्याला सवय आहे. माणूस बहुतेक वेळा पाकिटात बघून निवडतो.

सैन्याने ही रायफल का घेतली नाही? १८७२-७३ मध्ये नवी रायफल निवडायला एक मंडळ बसलं. अध्यक्ष ब्रिगेडिअर जनरल आल्फ्रेड टेरी, आणि सदस्यांत एक मेजर मार्कस रीनो. मंडळाने कितीतरी नमुने तपासले आणि एका वेळी एकच काडतूस घेणारी स्प्रिंगफील्ड निवडली. दूरवर मारणारी, मजबूत, स्वस्त. शिवाय शिपायाच्या हातात पंधरा काडतुसं दिली तर तो ती उधळून टाकेल, ही भीती त्या काळच्या सेनाधिकाऱ्यांत सगळीकडेच होती. निर्णय काही मूर्खपणाचा नव्हता. उघड्या माळावर पाचशे यार्डांवरून मारायचं असेल तर स्प्रिंगफील्डच हवी.

पण २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्न नदीकाठी जे झालं ते पाचशे यार्डांवरून झालं नाही. मोहिमेचा सेनापती होता तोच टेरी. त्याच्या हाताखाली कस्टर, आणि कस्टरच्या पलटणीत मेजर म्हणून तोच रीनो. ज्यांनी बंदूक निवडली त्यांच्यावरच ती वापरायची वेळ आली. प्रत्येक स्वाराकडे कार्बाइनची १०० आणि रिव्हॉल्व्हरची २४ काडतुसं. दोन्ही वेगळी, एकमेकांत न चालणारी. समोर लाकोटा आणि शायेन योद्धे. त्यांच्याकडे धनुष्यबाण होते, जुन्या ठासणीच्या बंदुका होत्या, आणि हेन्री व विंचेस्टरही होत्या, व्यापाऱ्यांकडून कातड्यांच्या बदल्यात घेतलेल्या. कस्टर आणि त्याच्याबरोबरची दोनशेच्या वर माणसं त्या टेकडीवर मेली.

शंभर वर्षं लोक यावर वाद घालत होते. मग १९८३ मध्ये तिथल्या गवताला वणवा लागला, माती उघडी पडली, आणि डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक घेऊन इंच इंच जमीन तपासली. प्रत्येक बंदुकीची फायरिंग पिन काडतुसाच्या बुडावर आपला ठसा सोडते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा. त्या ठशांवरून कोणती बंदूक कुठून कुठे सरकली हे त्यांनी नकाशावर काढलं. हेन्री आणि विंचेस्टरची काडतुसं मोठ्या संख्येने मिळाली. गवताआडून, घळीतून, जवळ जवळ येत केलेला मारा. तिथे कमजोर काडतूस पुरेसं होतं, आणि लिव्हर कामाला आला. मात्र केवळ रायफलीमुळे कस्टर हरला असं म्हणणं मला पटत नाही. तो मुख्यतः हरला तो समोर माणसं किती आहेत याचा अंदाज चुकल्यामुळे.

त्यानंतर काय झालं ते बघा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव केला, की शत्रुत्व करणाऱ्या इंडियन टोळ्यांना धातूची काडतुसं मिळू नयेत म्हणून अध्यक्षांनी बंदोबस्त करावा. नीट ऐका, ठराव काडतुसांबद्दल आहे. बंदूक एकदा माणसाच्या हातात गेली की ती परत आणणं कठीण. पण काडतूस बंद केलं की बंदूक म्हणजे नुसती लोखंडी काठी. ही अक्कल पुढे आणखी कोणाला आली, ते येईलच.

दुसरा प्रसंग दक्षिणेतला. मार्च १८९२ मध्ये मेम्फिस शहरात तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन ठार केलं. त्यांतला टॉमस मॉस हा आयडा बी. वेल्स या पत्रकार बाईंचा जिवलग स्नेही. वेल्स स्वतः गुलामीत जन्मलेल्या. त्याच वर्षी त्यांनी झुंडबळींवर एक पुस्तिका लिहिली. जॅक्सनव्हिल आणि पड्यूका या गावांत कृष्णवर्णीयांनी शस्त्रं हाती घेतली तेव्हा झुंडबळी टळला, हे दाखवून त्यांनी लिहिलं, की प्रत्येक कृष्णवर्णीय घरात विंचेस्टर रायफलीला मानाची जागा असावी, कारण कायदा जे संरक्षण देत नाही ते तिच्याकडून घ्यावं लागतं. कंपनीचं नाव घेऊन लिहिलंय. ‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ ही विंचेस्टरची जाहिरात विसाव्या शतकातली, ती सगळ्यांच्या तोंडी आहे. वेल्स बाईंचं वाक्य जाहिरातीत कधी आलं नाही, येणारही नव्हतं.

म्हणजे एकच रायफल, आणि ती रेंजरकडे आहे, लाकोटा योद्ध्याकडे आहे, मेम्फिसच्या पत्रकार बाईंच्या लेखात आहे. गुन्हेगारांकडे तर होतीच. बिली द किडचा तो एकमेव खात्रीचा फोटो आठवा, पत्र्यावर काढलेला. वाकडी टोपी, हातात १८७३ ची कार्बाइन, आणि रिव्हॉल्व्हर डाव्या कंबरेला. त्या फोटोवरून कित्येक वर्षं लोक म्हणत आले की बिली डावखुरा होता. सिनेमाही निघाला त्या नावाचा. आता मघाशी मी काय लक्षात ठेवायला सांगितलं? झडप उजवीकडे असते. फोटोत ती डावीकडे दिसते. म्हणजे फोटो आरशातल्यासारखा उलटा आहे, आणि रिव्हॉल्व्हर खरं तर उजव्या कंबरेला होतं. २०११ मध्ये हा फोटो तेवीस लाख डॉलरला विकला गेला. इतिहासाचा पुरावा कधी कधी असा एका झडपेत असतो, आणि ती माहिती बंदूक हाताळणाऱ्या कोणालाही होती. इतिहास लिहिणाऱ्यांनी विचारलं नाही, इतकंच.

आता आपल्याकडे येऊ. १८७८. कोल्टने .४४-४० चं रिव्हॉल्व्हर काढलं ते साल. त्याच साली लॉर्ड लिटनने हिंदुस्थानात शस्त्रकायदा आणला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगायचं नाही. युरोपियनांना मात्र परवान्यातून सूट. कूर्गच्या लोकांना सवलत मिळाली, ती आजतागायत चालू आहे. काँग्रेस स्थापन झाल्यावर सुरुवातीच्या अधिवेशनांपासूनच या कायद्याविरुद्ध ठराव होऊ लागले, तेही याच भेदभावामुळे. हे आपल्याला शाळेत शिकवतात. पण काडतुसाची गोष्ट शिकवत नाहीत.

सैन्याकडे मार्टिनी-हेन्री रायफल होती, तिचं काडतूस .४५० व्यासाचं. (हा हेन्री वेगळा बरं का, स्कॉटलंडचा.) इकडे साहेब लोक आणि संस्थानिक वाघ-हत्ती मारायला ज्या रायफली आणत त्यांतल्या कितीतरी .४५० च्याच. सरकारला धास्ती वाटली, की शिकारीच्या नावाखाली आलेल्या गोळ्या चोरीच्या मार्टिनीत जातील. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० च्या रायफली आणि काडतुसं आणायला बंदी झाली. हिंदुस्थानातलं गिऱ्हाईक एवढं मोठं होतं, की इंग्लंडातल्या बंदूकवाल्यांनी घाईघाईने .४६५, .४७०, .४७५ असे नवे व्यास काढले. आज आफ्रिकेत हत्तीची बंदूक म्हणून .४७० चं नाव घेतात. तिच्या जन्माला आपल्याकडचा हा नियम कारण आहे. पुढे सैन्यात .३०३ आली, तेव्हा तेच झालं. साध्या माणसाला .३०३ नाही, त्याला .३१५.

लक्षात येतंय ना? टेक्सासच्या माणसाला दोन बंदुकांत एक काडतूस चालणं ही सोय वाटली, म्हणून त्याने जास्तीचा पैसा मोजून ती घेतली. कलकत्त्याच्या सरकारला नेमकी तीच गोष्ट धोका वाटली, म्हणून तिने ती कायद्याने तोडली. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने जुना कायदा मोडीत काढला, पण सैन्याचा बोअर आणि जनतेचा बोअर वेगळा ठेवण्याची रीत तशीच उचलली. आजही परवानाधारकाला कानपूरचं जे .३२ रिव्हॉल्व्हर मिळतं, त्यातलं काडतूस मूळ स्मिथ अँड वेसन यांच्या नावाचं आहे. तेच दोघे, व्होल्कॅनिकवाले. आणि .३१५ ची रायफल ईशापूरची. दोन्ही एकाच घरात असल्या तरी पट्टे दोन लागतात.

पडद्यापलीकडून एक प्रश्न आलेला आहे, डॅलसहून, मी वाचून दाखवतो. ‘सर, इथे अशी रायफल कायदेशीरपणे घ्यायची झाली तर जुनी घ्यावी की नवी, आणि कोणत्या काडतुसाची?’

मी दुकानदार नाही, इतिहासाचा माणूस आहे, पण इतिहासाने जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो. कायदा राज्याराज्यांत वेगळा आहे, तो आधी बघा. मग स्वतःला विचारा की ही वापरायची आहे की भिंतीवर ठेवायची. वापरायची असेल तर नवी. ब्राउनिंगने बनवलेल्या १८९२ च्या यंत्रणेच्या प्रतिकृती ब्राझीलमध्ये बनतात, १८७३ च्या इटलीत. काडतूस .३५७ मॅग्नम घेतलंत तर त्याच रायफलीत बहुधा स्वस्तातलं .३८ स्पेशलही चालतं, सरावाला ते बरं. शिवाय रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीतून .३५७ ची गोळी सेकंदाला सुमारे १,२०० फूट जात असेल, तर रायफलीच्या लांब नळीत दारूला जळायला वाव मिळतो आणि तीच गोळी १,७०० च्या पुढे जाते. लहान काडतूस लांब नळीत घालायचा हा फायदा १८७३ मध्येही होता.

आणि जुनी, आजोबांच्या काळची मिळाली तर? १८७३ ची यंत्रणा आतून पाहिली तर आपल्या गुडघ्यासारखी आहे. दोन दांड्या सरळ झाल्या की कुलूप लागतं. हे कुलूप काळ्या दारूच्या दाबापुरतंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धूर न करणाऱ्या दारूची जास्त जोराची .४४-४० काडतुसं बाजारात आली. ती १८९२ च्या मॉडेलला सोसायची, १८७३ च्या नाही, आणि खोक्यांवर तशी सूचना छापावी लागली होती. नाव तेच, माप तेच, बंदुकीत बसतंही तसंच. म्हणून जुन्या बंदुकीत काही घालण्याआधी ती जाणत्या बंदूक-कारागिराला उघडून दाखवा. काळी दारू वापरलीत तर त्याच संध्याकाळी नळी गरम पाण्याने धुवा आणि कोरडी करून तेल लावा, कारण तिची राख हवेतलं पाणी ओढून घेते आणि दोन दिवसांत लोखंड खाते. जिलेटची कार्बाइन रेंजर नोकरीची सगळी वर्षं टिकली ती रोजच्या पुसण्यामुळेच टिकली असणार.

पुढचा प्रश्न घेऊ.